प्लायच्या आत काय होतं

निवृत्तीनंतर भटकायचं म्हणून जुनी ट्रॅव्हलर घेतली. सीट काढून आत पलंग आणि ओटा करायचा होता. (आरटीओचं प्रकरण हा वेगळाच विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.) इन्सुलेशनचं, म्हणजे पत्र्याच्या आतून उष्णता अडवणारा थर लावायचं काम पुण्याजवळच्या एका शेडवाल्याला दिलं. त्याचं नाव लिहीत नाही. कच्च्या बिलावर काम केलं, त्यामुळे माझ्या हातात धड पुरावाही नाही, आणि हेही त्याचंच कौशल्य.

पहिल्या भेटीत त्याने पत्त्याएवढा काळा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकला आणि बोटाने दाबून धरला. चहा आला, पिऊन झाला. मग तुकडा काढून शर्टाला पुसला आणि मधोमध फाडला. आत कोरडा ठणठणीत! "नायट्राइल रबर, १९ एमएम. एसीच्या डक्टला हेच लावतात, दादा." भिंती आणि छत मिळून, मजुरीसकट चौसष्ट हजार ठरले. मी खूश. थर्माकोल नको, हे तेवढं मी बजावून सांगितलं.

काम चालू असताना दोनदा गेलो. "आत येऊ नका, गमचा वास डोक्यात जातो," म्हणून दोन्ही वेळा दारातूनच परत पाठवलं. फोटो मात्र रोज व्हॉट्सअ‍ॅपवर यायचे, काळ्या शीटने मढवलेली गाडी. गाडी ताब्यात मिळाली तेव्हा प्लाय ठोकून वर सनमायकासुद्धा लागला होता.

मे महिन्यात दुपारी आत बसवेना. फोन केला तर म्हणाला, "इन्सुलेशन म्हणजे एसी नव्हे, दादा." हे वाक्य खरं आहे, म्हणूनच मी गप्प बसलो. इन्सुलेशन गारवा आणत नाही, उष्णतेला उशीर करतं, एवढंच.

जुलैत आंबोलीला गेलो. पहाटे हिच्या कपाळावर थेंब पडला. छप्पर गळतंय म्हणून बाहेरून सगळे सांधे तपासले, कुठेच फट नव्हती. थेंब एका रेषेत होते, बरोबर छताला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्यांखाली. आणि वास यायचा, पावसाळ्यात न वाळलेल्या गादीचा.

परत आल्यावर आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी मागची एक प्लाय उतरवली. आत काळं होतं खरं. त्यांनी ते मुठीत पिळलं, तर पाणी कोपरापर्यंत ओघळलं. "साहेब, हा गादीचा स्पंज हाय. रंग तेवढा काळा."

नायट्राइलची छिद्रं बंद असतात, स्पंजची उघडी. आपल्या श्वासातली वाफ स्पंजमधून आरपार थंड पत्र्यापर्यंत जाते, तिथे तिचं पाणी होतं आणि ते स्पंजमध्येच मुरतं. दोन महिन्यांत पत्र्यावर गंजाची पावडर धरली होती. छताला तर चंदेरी बबल शीट थेट पत्र्याला चिकटवलेली. चंदेरी बाजूसमोर बोटभर मोकळी हवा असेल तरच ती उष्णता परतवते, दोन्हीकडून दाबून बसवली तर तिचा उपयोग जवळपास शून्य. पट्ट्यांवर काहीच नव्हतं, म्हणूनच थेंब रेषेत. आणि कोपऱ्यांत थर्माकोल, तोही गमने खाऊन जाळी झालेला. गणपतीचं मखर घरी केलेल्यांना ठाऊक असेल, चपलांचा पिवळा गम लावला की थर्माकोल कसा विरघळतो ते.

खरं नायट्राइल निघालं एकाच जागी, मागच्या दारात. कारण ते पॅनेल चार स्क्रूंवर होतं आणि मी उघडून पाहिलं तर तेवढंच पाहणार, हे त्याला माहीत होतं.

मग जुने फोटो नीट पाहिले. एका फोटोत छतालगत एसीचा डक्ट दिसत होता. माझ्या गाडीला एसी नाही.

दुसऱ्यांदा काम करताना एसीचं सामान विकणाऱ्याकडून पक्क्या बिलावर शीट घेतली. आधी भिंती आणि छत टेपने मोजलं, खिडक्या वगळून चोवीस चौरस मीटर भरलं. प्रत्येक रोलमधून एक तुकडा कापून वजन ठेवून रात्रभर पाण्यात बुडवला. गंज खरवडून प्रायमर मारला, पट्ट्यांवरही पातळ शीट चिकटवली, आणि शेवटचा तुकडा लागेपर्यंत स्टूल टाकून तिथेच बसलो. गमचा वास खरंच डोक्यात जातो. मास्क लावायचा, पण हलायचं नाही.

ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, फोन केला. पहिल्यांदा बिलच विचारलं. माझ्याकडे यूपीआयने दिलेल्या वीस हजारांची नोंद आहे, बाकीचे रोख दिले होते.

परवा त्याच्या स्टेटसला माझी गाडी दिसली. हिने शिवलेले आंबा रंगाचे पडदे आणि ओट्याशेजारी सनमायकाला पडलेला टिकलीएवढा पोचा, दोन्ही ओळखू येतात. कोणी तुम्हाला तो फोटो "आमचं काम" म्हणून पाठवला, तर तो याच गाडीचा आहे. त्या सनमायकाच्या आत तेव्हा स्पंज होता.