मालदिनी की कान्नावारो : कुणाचा बचाव पाहून शिकावं?

सांगलीत फुटबॉलच्या मैदानावर उतरणाऱ्या बहुतेक पोरांना गोलच मारायचे असतात. बचावाला आनंदाने उभा राहणारा विरळाच. त्या एखाद्यासाठी इटलीचे हे दोन निवृत्त बचावपटू.

पाओलो मालदिनी 1985 ते 2009 एसी मिलानकडूनच खेळला. युरोपचा सर्वोच्च क्लब किताब 5 वेळा जिंकला, विश्वचषक मात्र हुकला. 1994 ची अंतिम लढत इटलीने पेनल्टीवर गमावली. टॅकलची, म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू हिसकावण्याची, वेळच येऊ नये अशी जागा तो आधीच धरायचा. हे अंगी बाणायला वर्षं लागतात.

फाबिओ कान्नावारोने क्लब बरेच बदलले. पण 2006 मध्ये कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला, त्याच वर्षी बलॉन डी'ऑर हा सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कारही मिळवला, तोही बचावपटू असून! उंची जेमतेम पावणेसहा फूट, तरी धिप्पाड स्ट्रायकरांना हेडरमध्ये हरवायचा, कारण उडीची वेळ अचूक. कबड्डीतला कोपरारक्षक चढाईपटूच्या पायावर डोळा ठेवतो, तशी त्याची नजर.

आपल्या मध्यम चणीच्या पोरांना मी आधी कान्नावारोच दाखवेन. सुरुवात 2006 च्या जर्मनीविरुद्धच्या उपांत्य लढतीपासून : जादा वेळेच्या अगदी शेवटी त्याने चेंडू हिसकावला आणि तिथूनच इटलीच्या देल पिएरोचा गोल झाला.