दोन सख्खे भाऊ आणि दोन वेगळे पितृवंश: डीएनए चाचणीत झालेली आमची फसवणूक

घराण्याचा इतिहास शोधण्यासाठी डीएनए चाचणी करायचं मनात असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आपल्याकडच्याच एका कंपनीने आम्हाला फसवलं. पैसे गेले त्याचं एवढं वाटत नाही. पण त्यांच्या खोट्या अहवालामुळे माझ्या आजीबद्दल घरात जे बोललं गेलं, ते सहन होण्यासारखं नव्हतं. आणि ती उत्तर द्यायला हयातही नाही.

आमचं मूळ गाव गुहागर तालुक्यात. बाबांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ १८५० च्या दशकात मुंबई बंदरातून मॉरिशसला उसाच्या मळ्यात गेला आणि परतला नाही, एवढंच घरात सांगत आले. करारावर मॉरिशसला गेलेल्या हिंदुस्थानी मजुरांची संख्या साडेचार लाखांच्या घरात आहे, आणि त्यात कोकणातली माणसंही होती. त्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते. अडचण आहे ती आडनावाची. गोदीवरच्या कारकुनाने माणसाचं किंवा त्याच्या बापाचं जे नाव टिपून घेतलं, तेच पुष्कळदा पुढे आडनाव होऊन बसलं. त्यामुळे आडनावावरून तिकडची भावकी सापडत नाही. डीएनएकडे वळलो ते म्हणून.

या कंपनीची जाहिरात मोठी आकर्षक होती: मूळ गाव, कुळ, गोत्र आणि ‘जगभरातले तुमचे नातेवाईक’. फोनवरच्या बाईंना मी मॉरिशसचं सगळं सविस्तर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, मॉरिशसचा डेटा आहे आमच्याकडे, नक्की मिळतील.’ एका नमुन्याचे १८,५०० रुपये. बाबांचा आणि काकांचा असे दोन नमुने दिले. माझ्याऐवजी त्यांचे दिले, कारण प्रत्येक पिढीत जुन्या पूर्वजाचा वाटा निम्मा होत जातो. मॉरिशसला गेलेल्या त्या भावाच्या वंशातलं बाबांच्या पिढीचं कुणी असेल, तर ते बाबांचं तिसऱ्या फळीतलं चुलत भावंडं लागेल. अशा दहा जोड्यांपैकी साधारण एका जोडीत मोजता येईल असा डीएनएचा समान तुकडा सापडतच नाही. माझ्या पिढीत तर हे प्रमाण आणखी घसरतं. घरात वडीलधारं माणूस असेल तर नमुना त्याचाच द्यावा.

अहवाल आले. गुळगुळीत कागद, रंगीत नकाशे, एक गोल आकृती आणि तिच्यात ‘क्षत्रिय ६२ टक्के’ असला मजकूर. डीएनएमध्ये जात लिहिलेली नसते, गोत्रही नसतं. पितृवंशाचा, म्हणजे बापाकडून मुलाकडे येणाऱ्या रेषेचा, एकच गट वेगवेगळ्या जातींतल्या कोट्यवधी माणसांत सापडतो. ‘तुमचे पूर्वज लढवय्ये आणि भूमिपती होते’ हा परिच्छेद दोन्ही अहवालांत शब्दशः तोच होता. नातेवाइकांची यादी कुठेच नव्हती. आणि चौथ्या पानावर पितृवंशाचा गट दिला होता: बाबांचा आर, काकांचा एच.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. सख्ख्या भावांचं ते एकच असायला हवं. काकांच्या मुलाने इंटरनेटवर हे वाचलं आणि भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारलं, ‘मग याचा अर्थ काय?’ पुढे काय झालं ते सविस्तर लिहीत नाही. ज्या बाईने नवरा गिरणीत असताना गावात एकटीने शेती करून पाच मुलं वाढवली, तिच्याबद्दल तिच्याच नातवंडांत कुजबुज सुरू झाली. काका त्या वर्षी गणपतीला घरी आले नाहीत. बाबांनी तो विषय कुणालाही काढू दिला नाही, पण आजीच्या फोटोसमोर ते बसून राहायचे, ते आम्हाला दिसत होतं.

कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘असं होतं कधीकधी, म्यूटेशन असतं.’ हे धादांत खोटं आहे. बाप आणि मुलगा यांच्यात एखाददुसरा बारीक बदल होऊ शकतो. पण आर आणि एच या दोन शाखा ४०,००० हून जास्त वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या आहेत. एका पिढीत कुणी एकीतून दुसरीत जात नाही. मग मी मातृवंशाची, म्हणजे आईकडून मुलांकडे येणाऱ्या रेषेची, तपासणी मागितली. दोघांची आई एकच, म्हणजे तो गट जुळायलाच हवा. तोही वेगळा निघाला असता तर नमुन्यांची अदलाबदल तिथेच उघड झाली असती. त्यासाठी त्यांनी वेगळे पैसे मागितले. नळ्या पाठवण्याआधी मी त्यांच्यावरच्या क्रमांकांचे फोटो काढून ठेवले होते. अहवालात ते क्रमांक छापलेलेच नव्हते. कुठल्या नळीवरून कुठला अहवाल काढला, हे आजतागायत त्यांना सांगता आलेलं नाही. मूळ डेटाची फाईल मागितली तर म्हणाले, ‘ती आमच्या धोरणात बसत नाही.’

शेवटी परदेशातल्या एका जुन्या कंपनीकडून दोघांची पुन्हा चाचणी करून घेतली. पितृवंश दोघांचा एकच. एकूण समान डीएनए २,६०० सेंटिमॉर्गनच्या (हे डीएनएच्या तुकड्यांची लांबी मोजायचं माप) आसपास, म्हणजे सख्ख्या भावांत असतो तेवढा. मी तो कागद घेऊन काकांकडे गेले. काकांनी वाचला, काकूंना वाचायला दिला आणि लगेच बाबांना फोन लावला.

आता निवडीविषयी. टक्केवारीच्या रंगीत आकृत्यांना भुलू नका. घराण्याच्या शोधात खरी किंमत असते ती कंपनीच्या साठ्यात किती लोक आहेत आणि त्यांच्याशी तुमची तुलना होते की नाही याला. अ‍ॅन्सेस्ट्री या अमेरिकी कंपनीकडे अडीच कोटींहून जास्त लोकांचे नमुने आहेत, पण त्यात भरणा अमेरिका-युरोपचा. आपल्या माणसांचं प्रमाण मुळातच कमी, त्यामुळे फाईल हातात असणं फार महत्त्वाचं. ती जीईडीमॅचसारख्या संकेतस्थळावर टाकून दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांशीही जुळवता येते. जी कंपनी जुळणाऱ्यांची यादी आणि मूळ फाईल देण्याचं लेखी कबूल करत नाही, तिला एक रुपयाही देऊ नका. आणखी एक सांगते. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झालेल्या समाजात खूप लांबची माणसंही डीएनएत जवळची भासतात. शंभर-दीडशे गावांत सोयरिकी फिरत राहिल्या की असं होणारच. त्यामुळे २०-३० सेंटिमॉर्गनच्या जुळणीवरून कुणी ‘तुमचे चुलत भाऊ सापडले’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आणि आधी कागद शोधा. मॉरिशसला उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळायचा. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जिल्हा अशा नोंदी असलेली ती दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत. आम्ही आता तिथे पत्रव्यवहार सुरू केला आहे. कंपनीने गोलमाल करून सांगितलेल्या ‘मूळ गावा’पेक्षा त्या रजिस्टरातली एक ओळ मला कितीतरी मोलाची वाटते.

तक्रारीचं म्हणाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, कंपनी कुठलीही असो. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आम्ही नोटीस पाठवल्यावर कंपनी पैसे परत द्यायला तयार झाली, पण ‘आमचं समाधान झालं आहे’ असं लिहून द्या म्हणाली. बाबांनी साफ नकार दिला. प्रकरण आयोगात आहे.

पैशांच्या आधी आम्ही तिथे दुसरी मागणी ठेवली आहे: दोघांचे नमुने आणि त्यांतून काढलेला सगळा डेटा नष्ट केल्याचं लेखी पत्र. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मीसारख्या बड्या कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा लोकांच्या डीएनएचं काय होणार हा प्रश्न उभा राहिला. इथे तर कुठली नळी कुणाची हेच ज्यांना माहीत नाही, त्यांच्याकडे आमच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांचे नमुने पडून आहेत. ते पत्र अजून आलेलं नाही.