आउटबोर्डसाठी घेतलेला स्पार्क टेस्टर

माझं जुनं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन) दोरी ओढून खांदा भरून आला तरी सुरू होईना. पूर्वी मी अशा वेळी थेट कार्ब्युरेटर खोलायचो. या वेळी प्लग आणि त्याच्या वायरमध्ये ठिणगी पडते का ते दाखवणारा हा टेस्टर जोडला. वरच्या सिलिंडरला कडक निळी ठिणगी, खालच्याला काहीच नाही! दोन्ही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारे भाग) अदलाबदल केल्या, तर दोष वर सरकला. म्हणजे कॉइलच गेलेली. नवी बसवली आणि दुसऱ्याच ओढीला इंजिन धरलं.

एक उणीव: भर उन्हात टेस्टरच्या खिडकीतली ठिणगी दिसत नाही, हाताने सावली धरावी लागते. आणि किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप जागेवर आहे ना, ते आधी बघा. ती निघालेली असेल तर दोन्हीकडे अंधारच दिसेल.