दप्तर ठेवायची जागा: ठाण्याच्या सिग्नल शाळेविषयी

पूर्व द्रुतगती महामार्गाने मुंबईहून ठाण्यात शिरताना तीन हात नाका लागतो. सिग्नल लाल झाला की गाड्यांच्या रांगांमधून गजरे, खेळणी आणि काच पुसायची फडकी विकणारी मुले फिरू लागतात, आणि आपण बहुतेक जण मोबाइलमध्ये डोके घालून तो मिनिटभराचा वेळ काढतो. याच नाक्यावरच्या उड्डाणपुलाखाली, जिथे एरवी आपल्याकडे भंगार किंवा बेवारस दुचाकी ठेवल्या जातात, तिथे मालवाहू कंटेनरमध्ये वर्ग भरवणारी सिग्नल शाळा आहे. ठाणे महानगरपालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ ही स्वयंसेवी संस्था यांनी 15 जून 2016 रोजी ती सुरू केली. रस्त्यावर राहणाऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी शहराने उभी केलेली एक सेवा म्हणून तिच्याकडे पाहावे, तिचे गुणदोष लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

त्याला कारण घरच्याजवळचे आहे. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून असलेल्या पदपथावर एक कुटुंब राहते. त्यातल्या नऊ वर्षांच्या मुलीला आणि तिच्या धाकट्या भावाला शाळेत घालायचे आम्ही चार-पाच शेजाऱ्यांनी ठरवले. जवळच्या एका शाळेत गेलो, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी रहिवासाचा पुरावा मागितला. लाइट बिल आणा, नाहीतर भाडेकरार. ज्यांच्या डोक्यावर रात्रभर पालिकेचा दिवा जळतो त्यांनी विजेचे बिल कोठून आणावे, हे विचारण्याची त्या वेळी आमची हिंमत झाली नाही. जन्मदाखल्याचीही तीच गत. वास्तविक 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून त्याला दाराबाहेर ठेवता येणार नाही. आणि शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून मागे पडलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा आहे. हे कलम छापून घेऊन चौथ्या खेपेला गेलो, तेव्हा प्रवेश झाला. प्रश्न असा, की आई फुले विकायला आणि बाप बिगारीवर गेलेल्या घरातून या चार खेपा कोण घालणार?

सिग्नल शाळेचा पहिला गुण मला इथे दिसतो. तिने मुलांना शाळेकडे बोलावले नाही, शाळाच मुलांकडे गेली. नाक्यावरची बहुतेक कुटुंबे मराठवाड्याच्या दुष्काळी भागातून आलेली, त्यांपैकी अनेक पारधी समाजाची. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत या समाजातील गट होते. तो शिक्का कागदोपत्री 1952 साली पुसला गेला, तरी लोकांच्या नजरेतून अजून गेलेला नाही. अशा कुटुंबाच्या दृष्टीने सरकारी इमारत म्हणजे कोणीतरी हाकलून देणारी जागा असते. त्यांनी मुलांना समोरच्या कंटेनरमध्ये पाठवायला तयार होणे हे शाळेतल्या कोणाच्या तरी पुष्कळ दिवसांच्या चिकाटीचे फळ असले पाहिजे. शिवाय या मुलांच्या घरची बोली वेगळी. पुस्तकातली मराठी त्यांना पहिल्या दिवशी जवळजवळ परकीच असते, ही गोष्ट नेहमीच्या शाळांत ‘मूल मंद आहे’ या एका शेऱ्याखाली गाडली जाते.

दुसरा गुण अभ्यासाच्या आधीचा आहे. तिथे मुलांना आंघोळ करायला मिळते, स्वच्छ गणवेश मिळतो, पोटाला मिळते, आणि मग धडा सुरू होतो. वाचणाऱ्याला ही किरकोळ सोय वाटेल. आमच्याकडच्या मुलीने पहिल्या महिन्यात शाळा बुडवली ती अभ्यासाच्या भीतीने नव्हे. सार्वजनिक शौचालयासमोरची सकाळची रांग संपेपर्यंत शाळेची घंटा होऊन जात असे, आणि न धुतलेल्या केसांवरून शेजारची मुलगी बाकावर सरकून बसत असे.

मग पावसाळा आला. जुलैच्या एका रात्री पदपथावर पाणी भरले आणि तिचे दप्तर भिजले. गणिताची वही फुगून दुप्पट झाली होती, शाईचे निळे ओघळ समासापर्यंत आले होते आणि पाढ्यांचे पान पुढच्या पानाला चिकटले होते. ती वही मी आमच्या पंख्याखाली उघडी ठेवली. ती दिवसातून तीनदा येऊन विचारी, ‘काकू, वाळली का?’ शाळेत मात्र निष्काळजीपणाबद्दल बोलणी बसली. बाईंना दोष देत नाही. हिचे दप्तर रात्री कोठे असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून दप्तर आमच्या वॉचमनच्या केबिनमध्ये राहते. मोठमोठ्या योजनांच्या यादीत ‘दप्तर ठेवायला कोरडी जागा’ ही बाब मी कधी वाचलेली नाही, पण घर नसलेल्या विद्यार्थ्याला नेमके काय लागते असे कोणी विचारले, तर मी प्रथम तीच सांगेन.

या कसोटीवर सिग्नल शाळा चांगली उतरते, कारण दप्तर, पुस्तके आणि विज्ञानाची प्रयोगशाळा सगळे एका छताखाली आहे, भले त्या छतावरून ट्रक जात असोत. शाळा सुरू झाल्यावर दोन वर्षांतच, 2018 साली, तिथली पहिली दोन मुले दहावी उत्तीर्ण झाली. सिग्नलवर माल विकलेल्या मुलांनी बोर्डाची परीक्षा देणे हे मला मोठ्या निकालपत्रांपेक्षा अधिक बोलके वाटते.

आता उणिवा. उड्डाणपुलाखालची जागा ती उड्डाणपुलाखालचीच राहणार. हॉर्न, धूर आणि धूळ यांवर कंटेनरचा पत्रा किती उपाय करणार? त्याहून गंभीर आक्षेप असा, की बेघर मुलांची शाळा वेगळी काढली म्हणजे शेजारच्या नेहमीच्या शाळेला हात झटकायला निमित्त मिळते. या आक्षेपात तथ्य आहे. लहान वयात पुलाखाली तयारी आणि पुढे नेहमीच्या वर्गात प्रवेश, असा रस्ता मला अधिक पटतो. तरीही चार खेपांचा अनुभव घेतल्यानंतर, नेहमीच्या शाळांचे दरवाजे उघडेपर्यंत मुलांनी वाट पाहावी, असे म्हणण्याचा धीर मला होत नाही. तेवढ्यात मुलगी सासरी जाते.

आणखी दोन गोष्टी शाळेच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, म्हणून त्यांचे गुण कापणे अन्यायाचे होईल. पहिली रात्रीची. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले; पण पुष्कळ निवाऱ्यांत बायका आणि पुरुषांची सोय वेगवेगळी असते, आणि आई-बाप, मुले, बोचके असे सगळे एकत्र राहू शकत नसतील, तर कुटुंब पदपथच पसंत करते. दुसरी दहावीनंतरची. पारधी समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत मोडतो, आणि त्या दाखल्यासाठी 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांचे पाल दर हंगामाला नव्या माळावर पडत होते, त्यांनी तो कोणत्या तलाठ्याकडून आणायचा? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, आणि शिष्यवृत्ती नाही म्हणून मुलगा पुन्हा सिग्नलवर, हा धोका दहावीच्या निकालाइतकाच खरा आहे. एखाद्या निवृत्त महसूल कर्मचाऱ्याने आठवड्यातून एक दुपार या कामाला दिली, तर ती वह्यांच्या शंभर डझनांपेक्षा मोलाची ठरेल.

मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी म्हणून एवढे लिहिते, की अशा कोणत्याही शाळेत वाढदिवसाचा केक घेऊन जाऊ नये. आधी विचारावे काय हवे आहे, आणि जे हवे असेल ते वर्षभर द्यावे. ज्यांच्या भागात अशी शाळा नाही त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात एका मुलाबरोबर प्रवेशाला जावे, कायद्याची प्रत सोबत ठेवावी आणि ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारे कुटुंब असेल तर शिक्षण हमी कार्डाची मागणी करावी, म्हणजे दुसऱ्या गावातल्या शाळेत वर्ग मोडणार नाही.

सिग्नल शाळेला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. आमच्या सोसायटीला दोन, कारण केबिनमध्ये दप्तराला फळी मिळाली असली, तरी संध्याकाळी सभागृहात दोन तास अभ्यासाला बसू द्यावे हा आमचा अर्ज कमिटीच्या तीन सभांमध्ये पुढे ढकलला गेला आहे.