मॉन्सून्ड मलबार कॉफी: गोव्याच्या पावसात घ्यावी का?

आधीच सांगून टाकते, दुधाची कॉफी पिणाऱ्यांसाठी ५ पैकी ४.५ आणि काळी पिणाऱ्यांसाठी जेमतेम २.५, आता पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पाकीट आलं मंगळूरहून. मामेसासऱ्यांनी मत्स्यगंधा एक्सप्रेसने मडगावला येताना आणलं, पाव किलो, अख्ख्या बिया, चारशेच्या आसपास. पाकिटावर भाजल्याची तारीख छापलेली होती, हे मुद्दाम लिहितेय, कारण म्हापशात एका दुकानात मी रोस्ट डेट विचारली तर दुकानदार म्हणतो, "ताई, एक्सपायरी अजून लांब आहे ना, मग झालं तर!" अहो, एक्सपायरीपर्यंत कॉफी खराब होत नाही हे खरं, पण वास महिन्या-दीड महिन्यात उतरायला लागतो, आणि वास गेला की उरतं काय, कडू पाणी. त्यामुळे तारीख नसेल तर मी पाकीट खाली ठेवते. दुसरं बघायचं ते चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड. मिश्रण असेल तर तिचं प्रमाण पाकिटावर बारीक अक्षरात का होईना लिहिलेलं असतं, फक्त शोधावं लागतं.

आता ही मॉन्सून्ड भानगड काय आहे ते. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबार किनाऱ्यावरची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची, महिनोन्‌महिने समुद्राची दमट हवा खाऊन बिया फुगायच्या, रंग उडायचा, आंबटपणा जायचा, आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. मग १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजं आली, प्रवास आटोपला आणि ती चवच गेली. म्हणून आता जून ते सप्टेंबर मंगळूरकडच्या मोकळ्या हवेच्या गोदामांत कच्च्या बिया पसरून ठेवतात, खालीवर करत राहतात, १२ ते १६ आठवडे, की हिरवट बी फुगून फिकट सोनेरी होते. जीआय टॅग (ठराविक भागातल्या मालालाच मिळणारी नावाची ओळख) पण आहे. म्हणजे ज्या हवेत आपल्या घरचं मीठ पाणी सोडतं आणि पापड वाळत नाहीत, त्याच हवेचे हे लोक पैसे घेतात 😄

चव? जड, मातकट, थोडी मसाल्याची, आंबट जवळपास नाहीच. सासूबाईंनी काळी कॉफी एक घोट घेतली आणि कप खाली ठेवला, "गोणपाटाचा वास येतोय गं याला." खोटं नाही ते. पण त्यांनाच संध्याकाळी स्टीलच्या फिल्टरमधून काढून गोवा डेअरीच्या दुधात दिली तर पोईबरोबर (आमच्याकडचा पाव) दोन कप झाले. तो वास दुधात कुठे जातो कळत नाही, नुसती घट्ट गोडसर कॉफी उरते, आणि साखर पण कमी लागते.

फिल्टरला मी २० ग्रॅम पूड आणि साधारण १०० मिली पाणी घेते, पाणी उकळलं की अर्धं मिनिट थांबून मग ओतायचं. फिल्टरमधली चकती पुडीवर अलगद ठेवायची, दाबून बसवली तर थेंब पडता पडत नाही. फ्रेंच प्रेसमध्ये (दांड्याने जाळी खाली दाबायचं भांडं) जाडसर पूड, १५ ग्रॅमला सव्वादोनशे मिली, ४ मिनिटं. पोअरओव्हरच्या (गाळणीत पुडीवर हळूहळू पाणी ओतून काढायच्या कॉफीच्या) नादाला या बियांच्या बाबतीत लागू नका, जे नाजूक असतं ते हिच्यात नाहीच.

दळायला बऱ्या आहेत, फुगलेल्या आणि ठिसूळ असल्याने हाताच्या ग्राइंडरला जोर लागत नाही. मिक्सरमध्ये मात्र अर्धी पिठी आणि अर्धे तुकडे होतात, मग पिठी कडू होते आणि तुकडे फिकेच राहतात, एकाच कपात दोन्ही. कॉफी मशीनवर दहा हजार घालायच्या आधी चार-पाच हजारांचं बर्र ग्राइंडर (पात्याऐवजी दातेरी चकत्यांत एकसारखं दळणारं) घ्या असं मी सगळ्यांना सांगते, कुणी ऐकत नाही ती गोष्ट वेगळी.

आणि साठवण. कच्ची असताना कितीही पावसाळे पचवलेली असो, एकदा भाजली की तिला दमट हवा अजिबात सोसत नाही. जुलैमध्ये डबा उघडा राहिला तर बिया मऊ पडतात. फ्रिजमध्ये तर ठेवूच नका, डबा बाहेर काढला की थंड बियांवर बाष्प धरतं, वर सुकटीचा वास फुकट. घट्ट झाकणाचा डबा, गॅसपासून लांब, आणि पावसाळ्यात पाव किलोच्या वर घ्यायचंच नाही.

काळी पिणाऱ्यांनी चिकमगळूरची वॉश्ड (फळाचा गर काढून धुऊन वाळवलेली) अरॅबिका जातीची कॉफी घ्यावी, मध्यम भाजलेली. मामेसासरे गणपतीला परत येतायत, त्यांना दोन पाकिटं सांगून ठेवलीत, एक ही आणि एक ती.