‘द ब्लॅकनिंग’, ‘स्केअरी मूव्ही’ की ‘गेट आउट’: आधी कोणता बघावा?

अमेरिकन स्लॅशर सिनेमे, म्हणजे खुनी एकेकाला गाठून मारत जातो असे भयपट, थोडेफार पाहिलेल्या कुणालाही एक अलिखित नियम माहीत असतो. पाच-सहा मित्र जंगलातल्या घरात राहायला गेले आणि त्यात एकच कृष्णवर्णीय असला, तर त्याचं काही खरं नाही. तो नायिकेला धीर देणार, दोन विनोद करणार आणि अर्धा सिनेमा व्हायच्या आत संपणार. या नियमाची टर उडवणारे सिनेमे शोधायला गेलं की तीन नावं हमखास पुढे येतात: ‘स्केअरी मूव्ही’, ‘गेट आउट’ आणि ‘द ब्लॅकनिंग’. तिन्ही एकाच यादीत असले तरी त्यांचा पिंड अगदी वेगळा आहे. एकासाठी बसून दुसरा लावला तर रात्र फुकट जाते.

माझं मत आधीच सांगून टाकते. या नियमाची खरी चिरफाड बघायची असेल तर ‘द ब्लॅकनिंग’. अमेरिकेतल्या वर्णभेदाचे बारकावे फारसे ठाऊक नसतील तर त्याच्या आधी ‘गेट आउट’. ‘स्केअरी मूव्ही’ तिसरा, आणि तोही बरोबर कोण बसलंय ते पाहूनच.

तुलनेआधी त्या नियमाबद्दल थोडं, कारण तिन्ही सिनेमांची पारख त्यावरच करायची आहे. ‘कृष्णवर्णीय आधी मरतो’ हे शब्दशः धरलं तर नेहमी खरं नसतं. १९७८च्या ‘डॉन ऑफ द डेड’मधला पीटर शेवटपर्यंत जगतो. ‘हॅलोविन एच२०’ (१९९८) आणि ‘डीप ब्लू सी’ (१९९९) या दोन्हींत रॅपर-नट एलएल कूल जे सहीसलामत बाहेर पडतो. उलट ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) मधला बेन रात्रभर उठून आलेल्या मृतांशी झुंजून सकाळपर्यंत टिकतो, आणि त्याला गोळी घालतात ती जिवंत माणसं. म्हणजे खरी तक्रार मरण्याच्या क्रमाबद्दल नाही. ते पात्र जगतं कुणासाठी, हा प्रश्न आहे. ‘द शायनिंग’मधला हॉटेलचा आचारी हॅलोरन आठवून बघा. फ्लोरिडातून विमानानं कोलोरॅडोला येतो, बर्फातून गाडी हाकत त्या हॉटेलात पोहोचतो, आत पाऊल टाकतो आणि कुऱ्हाडीचा घाव खातो. अख्ख्या सिनेमात वेड्या झालेल्या बापाच्या, जॅकच्या हातून मरणारा तो एकटाच. त्याचं घर, त्याची माणसं, त्याची भीती यांच्याशी पटकथेला देणंघेणं नाही. आई आणि मुलाच्या सुटकेसाठी एक गाडी तिथं पोहोचवायची होती, ती त्यानं पोहोचवली. मूळ कादंबरीत हा माणूस जिवंत राहतो.

म्हणून मी या तिघांना एकच प्रश्न विचारते: यातल्या कृष्णवर्णीय माणसांना स्वतःचं आयुष्य आहे का?

‘स्केअरी मूव्ही’ (२०००)

कीनन आयव्हरी वेयन्सनं दिग्दर्शित केलेला, शॉन आणि मार्लन या त्याच्या भावांनी इतरांबरोबर लिहिलेला आणि दोघांनी कामही केलेला हा सिनेमा. सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरमध्ये झाला आणि जगभरात २७ कोटींहून जास्त कमावून गेला. तो मुख्यतः ‘स्क्रीम’ आणि ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ यांचं विडंबन करतो. त्यामुळे ते दोन पाहिलेले नसतील तर निम्मे विनोद डोक्यावरून जातील.

वर्णावरचे त्याचे विनोद तुटक आहेत, पण त्यातले काही धारदार आहेत. खून झाल्यावर शाळेबाहेर वाहिन्यांच्या वार्ताहरांची झुंबड उडते. त्यात ‘ब्लॅक टीव्ही’ नावाच्या वाहिनीचा वार्ताहर असतो. गोरे लोक मेलेत आणि आम्ही इथून सटकतोय, एवढीच बातमी देऊन तो आपल्या माणसांसह धूम ठोकतो. काही सेकंदांचा विनोद, पण अख्ख्या प्रकाराची गोम त्यात सापडते: भुताटकीच्या घरात थांबून राहणं ही चैन ज्यांना परवडते, तेच थांबतात.

खरा विचार करायला लावतो तो चित्रपटगृहातला प्रसंग. त्यासाठी ‘स्क्रीम २’ (१९९७) ची सुरुवात माहीत हवी. तिथं जेडा पिंकेटची मॉरीन आपल्या मित्राबरोबर भयपट बघायला आलेली असते आणि येतानाच तक्रार करते, की या प्रकारच्या सिनेमांत कृष्णवर्णीयांना जागाच नसते. थोड्या वेळानं भरल्या थिएटरात तिच्यावर वार होतात. ती कशीबशी पडद्यासमोर पोहोचते आणि मुखवटे घातलेले प्रेक्षक हा जाहिरातीचा भाग समजून ओरडत राहतात. तिच्या मरण्यावर कुणाचा विश्वासच बसत नाही. तो प्रसंग मला आजही अंगावर येतो.

‘स्केअरी मूव्ही’ तोच प्रसंग घेतो आणि उलटा करतो. रेजिना हॉलची ब्रेंडा ‘शेक्सपिअर इन लव्ह’ चालू असताना मोठमोठ्यानं बोलते, फोनवर गप्पा हाणते, कुणी गप्प बसायला सांगितलं तर अंगावर जाते. मुखवटेवाला खुनी शेजारी येऊन बसतो, पण त्याच्या आधी वैतागलेले प्रेक्षकच तिला भोसकतात. हसू येतं, रेजिना हॉलच्या टायमिंगला तोड नाही. पण हसतोय कशाला? ‘काळ्या बायका थिएटरात गोंगाट करतात’ या जुन्या समजाला की त्या समजापायी खुनी बनलेल्या सभ्य प्रेक्षकांना? वेयन्स बंधूंनी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत, आणि माझी अडचण तिथंच होते. साचा मोडायच्या ऐवजी तो जरा मोठा करून दाखवला, तर साच्यावर विश्वास असणाराही तितक्याच खुशीनं हसतो. ब्रेंडाचा भाऊ शॉर्टी सतत नशेत, तिचा मित्र रे सतत समलिंगी असण्याच्या संशयात. ही माणसं तोंडाळ आहेत, मजेशीर आहेत, पण विनोद संपला की तीही संपतात.

शिवाय समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींवरचे त्यातले विनोद आज बघवत नाहीत. शरीराच्या अवयवांवरचे विनोद तर पावलोपावली. घरात मोठी माणसं किंवा शाळकरी मुलं असतील तर लावूच नका. स्लॅशर कोळून प्यायलेल्या मित्रांबरोबर ८८ मिनिटं खिदळायचं असेल, तर मात्र चालून जाईल.

‘द ब्लॅकनिंग’ (२०२२)

याचं मूळ २०१८च्या एका छोट्या विनोदी फिल्ममध्ये आहे. ‘थ्रीपीट’ या कृष्णवर्णीय विनोदवीरांच्या गटानं कॉमेडी सेंट्रल या वाहिनीसाठी ती केली होती. त्यातली कल्पना अशी: खुनी म्हणतो, तुमच्यातला जो सगळ्यात जास्त ‘काळा’ आहे त्याला माझ्या हवाली करा, बाकीच्यांना सोडतो. मग प्रत्येक जण आपण कसे पुरेसे काळे नाही हे पटवून द्यायला लागतो. गटातल्या ड्वेन पर्किन्सनं ट्रेसी ऑलिव्हरबरोबर याचा पूर्ण सिनेमा लिहिला, टिम स्टोरीनं दिग्दर्शित केला. सप्टेंबर २०२२मध्ये टोरांटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि अमेरिकेत १६ जून २०२३ला, जूनटीन्थच्या तोंडावर, प्रदर्शित झाला. १९ जून १८६५ला टेक्सासमधल्या गॅल्वेस्टनला गुलामांच्या मुक्तीचा हुकूम वाचला गेला, त्याची आठवण म्हणजे जूनटीन्थ. २०२१पासून तिथं त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते.

कथेतले कॉलेजचे जुने मित्र याच सुट्टीसाठी जंगलातल्या घरात जमतात, आणि सगळेच्या सगळे कृष्णवर्णीय असतात. या एका निवडीनं नियमाची हवा काढून टाकली आहे. ‘आपण सगळेच काही आधी मरू शकत नाही’ ही त्याची जाहिरातीतली ओळ नेमकं हेच सांगते. एकटं पात्र असलं की त्याला अख्ख्या समाजाचं ओझं वाहावं लागतं. इथं एक भित्रा, एक गुंडगिरी सोडून सरळ झालेला, एक सतत खाणारी-बोलणारी, एकाच मुलाकडे परत परत वळणारी एक, आणि तिच्यावर त्यासाठी चिडणारा तिचा समलिंगी मित्र. तो मित्र स्वतः पर्किन्सनंच साकारला आहे. ‘स्केअरी मूव्ही’त रे ज्यासाठी हास्यास्पद ठरतो, ते इथं एका मुख्य पात्राचं साधं वास्तव आहे. दोन सिनेमांमधल्या बावीस वर्षांचं अंतर इथं दिसतं.

घरात एका खोलीत त्यांना एक बोर्ड गेम सापडतो. पटाच्या मधोमध एक काळाकुळीत चेहरा, जाड लाल ओठ, बटाट्यासारखे डोळे. एकोणिसाव्या शतकात गोरे नट चेहऱ्याला काळं फासून कृष्णवर्णीयांच्या नकला करत, त्या मिन्स्ट्रेल खेळांतून रुळलेली ‘सॅम्बो’ची ही प्रतिमा आहे. खेळण्यांवर, डब्यांवर, जाहिरातींवर ती अनेक दशकं छापली गेली. हा चेहरा प्रश्न विचारतो. सुरुवातीच्याच प्रसंगात एका जोडप्यापुढे प्रश्न येतो: भयपटात जिवंत राहिलेल्या एका कृष्णवर्णीय पात्राचं नाव सांगा. उत्तरं आहेत, वर मी दिलीच आहेत. पण घड्याळ चालू आहे, खुनी टपून आहे, आणि अशा वेळी बरोबर नाव सुचत नाही ही गोष्टच किती बोलकी आहे!

पुढे मित्रांना विचारलं जातं, ‘फ्रेंड्स’ मालिकेत पाहुणे म्हणून आलेल्या पाच कृष्णवर्णीय कलाकारांची नावं सांगा. आता पेच असा, की उत्तर आलं तर जीव वाचतो, पण ‘गोऱ्यांची मालिका इतकी पाठ?’ ही चेष्टाही पदरात पडते. मग येतो मूळ लघुपटातला तो सवाल: सर्वांत काळा कोण? कुणी म्हणतं माझे वडील गोरे, कुणी म्हणतो माझी बायको गोरी, आणि एकजण सांगून टाकतो की मी ट्रम्पना मत दिलंय, तेही दोनदा. आपली सुटका होईल म्हणून तो हे सांगतो, आणि बाकीचे क्षणात त्यालाच पुढे करतात. सिनेमातला सगळ्यात मोठा हशा हाच. ‘खरा काळा’ कोण हे ठरवण्याची हौस गोऱ्यांना होतीच, पण ती मोजपट्टी मित्रांच्या हातातही आहे, हे सांगायला हिंमत लागते. त्यांच्यात स्पेड्स हा पत्त्यांचा डाव येणंसुद्धा आपलेपणाची खूण आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट न येणाऱ्या भावंडाला भिडू मिळत नाही, तशातली गत.

उणिवाही सांगायला हव्यात. भीती बेतास बात आहे. अंधारातले प्रसंग खूपच अंधारे आहेत, पाठलाग लांबतात, आणि खुनी कोण हे सराईत प्रेक्षकाला बरंच आधी कळतं. जंगलखात्याच्या गोऱ्या अधिकाऱ्याचं आडनाव ‘व्हाइट’ ठेवणं वगैरे विनोद सरळसोट आहेत. टिम स्टोरी मूळचा ‘बार्बरशॉप’सारख्या गप्पांच्या सिनेमांचा दिग्दर्शक, त्यामुळे माणसं एका खोलीत भांडायला लागली की सिनेमा चढतो आणि जंगलात पळायला लागली की बसतो. पण सुमारे ५० लाख डॉलरच्या या छोट्या सिनेमात वर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नि:संशय ‘हो’ आहे. ही माणसं कुणाच्या सुटकेसाठी आलेली नाहीत, सुट्टीसाठी आली आहेत.

‘गेट आउट’ (२०१७)

याला स्लॅशर म्हणता येणार नाही, आणि विनोदी म्हणावं का यावरही वाद झाला. गोल्डन ग्लोबच्या स्पर्धेत तो संगीतप्रधान किंवा विनोदी गटात दाखल झाला तेव्हा त्याचा लेखक-दिग्दर्शक जॉर्डन पीलनं ट्विट केलं होतं, की ‘गेट आउट’ हा माहितीपट आहे. पुढे मूळ पटकथेचं ऑस्कर त्याला मिळालं. त्या गटात ते मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय लेखक.

तरीही या यादीत तो हवाच, कारण स्लॅशरची जागाच तो उलटी करून दाखवतो. ‘हॅलोविन’पासून आपण शिकलो की टुमदार बंगल्यांच्या शांत गल्लीत बाहेरून धोका शिरतो. इथं पहिल्याच दृश्यात तशाच गल्लीत रात्री एक कृष्णवर्णीय तरुण पत्ता शोधत चाललाय, फोनवर कुणाशी तरी बोलतोय आणि एक पांढरी गाडी हळूहळू त्याच्या मागे येते. त्या गल्लीत राहणाऱ्याला तो धोका वाटेल. आपल्याला मात्र ती गल्लीच धोक्याची वाटायला लागते. पुढचा विनोद ओठ आवळून हसायचा आहे: मैत्रिणीचे वडील नायकाला आवर्जून सांगतात, की जमलं असतं तर मी ओबामांना तिसऱ्यांदाही मत दिलं असतं. मोकळं हसू येतं ते नायकाच्या मित्राच्या, विमानतळ सुरक्षेत काम करणाऱ्या रॉडच्या प्रसंगांत. याहून जास्त कथा सांगणं अन्याय होईल.

नवख्याला हा आधी बघा असं मी म्हणते, कारण त्याला पूर्वतयारी लागत नाही. परक्या घरात सगळे अति गोड वागताहेत आणि काहीतरी बिनसलंय, हे समजायला अमेरिका माहीत असावी लागत नाही. ‘द ब्लॅकनिंग’मध्ये मात्र दर दुसरा संवाद कुठल्या तरी मालिकेकडे, गाण्याकडे किंवा इतिहासाकडे बोट दाखवतो. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा. बोली वेगवान आहे आणि एक वाक्य हुकलं की पुढचे दोन विनोद हुकतात.

मार्लन वेयन्सचा ‘अ हाँटेड हाउस’ (२०१३) कुणी सुचवला तर सोडून द्या. तो ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’चं विडंबन आहे, स्लॅशरशी त्याचा संबंध नाही आणि विनोद ‘स्केअरी मूव्ही’चेच, शिळे झालेले.

दोन रात्री हाताशी असतील तर पहिल्या रात्री ‘गेट आउट’ एकट्यानं किंवा दोघांत, दिवे मालवून. दुसऱ्या रात्री चार-पाच जण जमवा, आधी ‘स्क्रीम २’चा पहिला प्रसंग लावा आणि मग ‘द ब्लॅकनिंग’. सर्वांत काळा कोण ही भांडाभांडी सुरू झाली की कुणालाही फोन उचलू देऊ नका.