चिलीचं तांबं की घानाचा कोको? एम.ए.च्या प्रकल्पासाठी विषय निवडताना

एम.ए. राज्यशास्त्राच्या शेवटच्या सत्रात शोधप्रकल्प करावा लागतो आणि विषय ठरवण्यातच पोरांचा निम्मा वेळ जातो. यंदा एक विद्यार्थिनी मात्र दोन नावं पक्की करूनच आली. "सर, परावलंबी अर्थव्यवस्था आणि हुकूमशाही, एवढं ठरलंय. चिली घेऊ का घाना?" तिच्या वडिलांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरात मी तिला उभ्या उभ्या काहीतरी सांगितलं, पण घरी आल्यावर ते उत्तर मलाच तोकडं वाटलं. असा प्रश्न दरवर्षी दोघा-चौघांना पडतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

परावलंबन म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला व्याख्येवाचून कळतं. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क २०१९ पासून वाढवत नेलं आणि ढाक्यातल्या निर्णयाने काटोल-वरूडच्या बागांमधले सौदे मोडले. फळ झाडावर, व्यापारी बाग बघून गेलेला आणि फोन मात्र येत नाही. त्याच्याही आधीचा दाखला कापसाचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भावही गेला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली तोवर त्या तेजीचं पाणी ओसरलं होतं.

आता अख्खा देश अशा एका पिकावर किंवा एका खनिजावर उभा आहे असं समजा. मास्तरांचे पगार, दवाखान्यातली औषधं, ट्रकचे सुटे भाग, सैन्याच्या बंदुका, सगळं त्याच्याच परकीय चलनातून यायचं. इथपर्यंत चिली आणि घाना सारखेच.

चिली आधी घेऊ, कारण बहुतेकांना तोच माहीत असतो. १९७० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत डाव्या आघाडीचे साल्वादोर आयेंदे सुमारे ३६ टक्के मतांवर पहिले आले. बहुमत कुणालाच नव्हतं, म्हणून तिथल्या राज्यघटनेप्रमाणे संसदेने त्यांची निवड केली. देशाच्या निर्यातीचा फार मोठा भाग एकट्या तांब्याचा आणि मोठ्या खाणी अॅनाकाँडा व केनेकॉट या अमेरिकी कंपन्यांच्या. जुलै १९७१ मध्ये संसदेने घटनादुरुस्ती करून त्या खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं, तेही एकमताने. विरोधकांनीसुद्धा बाजूने मत दिलं, हे लक्षात ठेवा. कंपन्यांनी आधीच अवाजवी नफा उपसलाय असा हिशेब मांडून सरकारने भरपाई नाकारली. त्याच वर्षी तांब्याचा जागतिक भाव उतरला होता.

पुढचं चित्र कागदोपत्री नोंदलेलं आहे. अमेरिकेच्या निक्सन सरकारने चिलीला मिळणारं कर्ज आटवलं, जागतिक बँकेकडून नवं कर्ज मिळेना, पण चिलीच्या लष्कराला मिळणारी अमेरिकी मदत चालूच राहिली. विद्यार्थ्यांना मी नेहमी इथे थांबवतो. एकाच देशाच्या नागरी सरकारची रसद तोडायची आणि त्याच देशाच्या सैन्याची चालू ठेवायची, याचा अर्थ सांगायला वेगळा सिद्धान्त लागत नाही. अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने (अध्यक्ष सिनेटर फ्रँक चर्च यांच्यावरून हे नाव) १९७५ मध्ये चिलीतल्या अमेरिकी गुप्त कारवायांचा अहवाल प्रसिद्ध केला. विरोधी पक्षांना आणि एल मर्कुरिओ या दैनिकाला सीआयएचा पैसा कसा गेला ते त्यात आहे. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप केला. चार हजार किलोमीटरहून लांब आणि पट्टीसारखा अरुंद देश. ट्रक थांबले की तिथे धान्य, इंधन, सगळंच थांबतं.

पण सगळं खापर बाहेरच्यांवर फोडू नका. आयेंदे सरकारने पगार वाढवले, भाव बांधले आणि तूट भरायला नोटा छापल्या. १९७३ मध्ये महागाई ५०० टक्क्यांच्या वर गेली. तरीही मार्च १९७३ च्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या आघाडीला ४३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. वर्तमानपत्रं रोज शिव्या घालत होती, संसद विरोधात ठराव करत होती आणि कुणी त्यांना टाळं लावलं नव्हतं. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने उठाव केला आणि विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या मोनेदा प्रासादावर बॉम्ब टाकले. आयेंदे तिथेच मरण पावले. संसद बंद, पक्ष बंद, राष्ट्रीय क्रीडांगणाचा तुरुंग. सत्ता हाती घेणारे लष्करप्रमुख पिनोशे यांच्या काळात तीन हजारांहून जास्त माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. १९८८ च्या सार्वमतात लोकांनी 'नाही' म्हटलं आणि मार्च १९९० मध्ये पिनोशे पायउतार झाले.

एक बाब फारसं कुणी लिहीत नाही. मुक्त बाजाराचा एवढा गजर करणाऱ्या त्या राजवटीने राष्ट्रीयीकृत खाणी कंपन्यांना परत केल्या नाहीत. १९७६ मध्ये कोडेल्को ही सरकारी कंपनी स्थापन करून त्या तिच्याकडे दिल्या आणि तिच्या तांब्याच्या निर्यातीतला दहा टक्के वाटा कायद्याने लष्कराला जात राहिला. तो कायदा रद्द व्हायला २०१९ साल उजाडलं.

आता घाना. इथे मी जास्त रेंगाळणार आहे.

६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या ब्रिटिश वसाहतींमध्ये पहिला. पंतप्रधान क्वामे एन्क्रूमा तेव्हा सगळ्या आफ्रिकेचे नायक होते. देश जगातला सर्वात मोठा कोको उत्पादक, आणि तिजोरीत कोकोचाच पैसा. हा पैसा यायचा कसा, ते बघा. कोको विकत घेण्याचा हक्क एकट्या सरकारी मंडळाला. शेतकऱ्याला बांधलेला भाव, बाहेर मिळेल तो भाव मंडळाला, मधली रक्कम सरकारजमा. विदर्भात ज्यांनी १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी योजना पाहिली, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. केंद्रावरच्या बैलगाड्यांच्या रांगा, ग्रेडिंगवरून होणारी भांडणं, अडकलेले चुकारे, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. हेतू व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवण्याचाच होता, हेही मी विसरलो नाही.

१९५४ मध्ये, स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, एन्क्रूमांच्या सरकारने कोकोचा भाव ६० पौंड वजनाच्या ओझ्याला ७२ शिलिंग असा पुढच्या चार वर्षांसाठी गोठवला. बाहेर तेव्हा भाव तेजीत होता. कुमासी भागातले शेतकरी चवताळले आणि त्यातून 'अशांती' नावाच्या त्या प्रांताचा प्रादेशिक पक्ष उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर या विरोधकांचं काय करायचं, याला सरकारने दिलेलं उत्तर म्हणजे १९५८ चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा: खटल्याशिवाय पाच वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडेही १९५० मध्ये असाच कायदा झाला होता, म्हणून नाक मुरडण्याआधी क्षणभर थांबा. घानात मात्र तो वाढतच गेला. एन्क्रूमांना १९४७ मध्ये मायदेशी बोलावून घेणाऱ्या पक्षाचे ज्येष्ठ नेते जे. बी. डँक्वा फेब्रुवारी १९६५ मध्ये न्सावामच्या तुरुंगात कोठडीतच वारले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६४ मध्ये, सार्वमत घेऊन देश एकपक्षीय झाला होता. बाजूने मतं ९९ टक्क्यांहून जास्त!

हे सगळं घडत असताना बाहेरची कोंडीही खरीच होती. कोको सोडून दुसऱ्या पायावर उभं राहायचं म्हणून त्यांनी व्होल्टा नदीवर अकोसोम्बोचं धरण बांधायला घेतलं. त्यासाठी अमेरिकी अॅल्युमिनियम कंपन्यांशी करार करावा लागला. घानाच्या जमिनीत बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज, आहे. तरी टेमा शहरातल्या त्यांच्या अॅल्युमिनियम कारखान्याने अॅल्युमिना (बॉक्साइटपासून काढलेला कच्चा माल) बाहेरून आणायचा आणि घानाची वीज स्वस्तात वापरायची, असं ठरलं. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. १९६४-६५ मध्ये कोकोचं विक्रमी पीक आलं आणि भाव कोसळले. जानेवारी १९६६ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं आणि २४ फेब्रुवारीला, एन्क्रूमा हनोईच्या वाटेवर पेकिंगला (आजचं बीजिंग) असताना, सैन्य आणि पोलिसांनी सत्ता घेतली. कट शिजतोय हे अमेरिकी अधिकाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं, असं त्यांचीच खुली झालेली कागदपत्रं सांगतात. पण राजधानी अक्राच्या रस्त्यांवर लोक नाचले आणि एन्क्रूमांचा पुतळा पाडला गेला, हेही तेवढंच खरं.

सैन्याने सत्ता सोडली, १९६९ मध्ये बुसिया निवडून येऊन पंतप्रधान झाले, पण कोकोचा भाव पुन्हा पडला. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांना चलनाचं मोठं अवमूल्यन करावं लागलं आणि १३ जानेवारी १९७२ ला पुन्हा उठाव. मग १९७९ आणि १९८१ मध्ये लष्करी अधिकारी रॉलिंग्ज यांचे उठाव. १९९२ ला निवडणुका परत आल्या.

दोन्ही देश शेजारी ठेवून पाहिले तर मला फरक असा दिसतो. चिलीत लोकशाहीची दारं उघडी होती आणि ती बंदुकीने बंद झाली. घानात ती आतून, कायद्याने, एकेक करून बंद झाली होती. सैन्य आलं तेव्हा सरकार शांततेने बदलायची वाटच उरली नव्हती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली विभूतिपूजा अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. एन्क्रूमांना 'ओसाग्येफो', म्हणजे तारणहार, म्हणत असत. दीक्षाभूमीच्या शहरात वाढलेल्या विद्यार्थ्याला हा धागा आपोआप हाताशी येतो; तो सोडू नका.

व्यवहाराचं सांगतो. चिलीवर साहित्य भरपूर आहे, पण कामगार, ट्रकवाले, खाणमजूर यांचं म्हणणं स्पॅनिशमध्ये. सहा महिन्यांत ती भाषा येणार नाही आणि मग प्रकल्प वॉशिंग्टनच्या कागदांवरच उभा राहतो. चिलीची गोष्ट चिलीवाल्यांना वगळून लिहिली जाते, हे मला पटत नाही. घानाचे कायदे, संसदेतली भाषणं, वर्तमानपत्रं इंग्रजीत आहेत. उलट बाजूने, परकीय हस्तक्षेप हाच तुमचा मुख्य प्रश्न असेल तर घाना घेऊ नका. तिथे पुरावा अर्धवट आहे आणि तुम्ही अंदाजावर इमारत बांधाल. तेव्हा चर्च समितीचा अहवाल घ्या आणि सरळ चिली करा.

श्रीलंका २०२२ आणि बांगलादेश २०२४ यांचीही नावं निघतात. विषय जवळचे आहेत, पण घडामोडी अजून चालू आहेत. तुमचा शेवटचा परिच्छेद मौखिक परीक्षेआधीच जुना होईल. पीएच.डी.ला घ्या.

माझं मत घानाकडे झुकतं, आणि तिनेही घानाच घेतला. गेल्या रविवारी तिने वडिलांना ७२ शिलिंगचा हिशेब समजावला: ६० पौंड म्हणजे जेमतेम २७ किलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अन् बोर्डानं तोच माल बाहेर कितीला विकला?" तो आकडा ती आता वर्षवार शोधतेय.